मिक्सरशेजारची बंदूक

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार. खंडेनवमी. सकाळी हवा धुरकट, दुपारी कडक ऊन. अपर्णा शाळेत, उपेंद्र दुबईला ऑफिसात. पूजेला कुकर, मिक्सर, सुऱ्या, दोन लॅपटॉप, दगडूची हत्यारे व एक बंदूक. दोन पोलीस येऊन गेले. चहा घेतला. मुक्ताबाई सुखरूप पोचल्या. झेंडूच्या पाकळ्या अजून सापडताहेत.

संध्याकाळी घरी आल्यावर उपेंद्रने ही नोंद वाचली आणि तो तसाच, बूट न काढता, खुर्चीवर बसला. म्हणाला, "आई, एवढंच लिहून ठेवलंस तर पुढेमागे वाचणाऱ्याला वाटेल आपलं घर म्हणजे अड्डा होता." त्याचे म्हणणे खरे आहे. म्हणून दगडूविषयी नीट लिहिते. मधेमधे हसू येते, त्यामुळे अक्षर हलले आहे.

दगडू संगमेश्वरकडचा. शारजात जुन्या फर्निचरचे एक दुकान आहे, अक्रमशेठचे, तिथे तो कामाला आहे. कोणी कुटुंब देश सोडून चालले की दगडू त्यांच्या घरी जातो, पलंग, कपाटे, टेबले उघडतो, ट्रकात चढवतो, आणि नवे कुटुंब आले की त्यांच्या घरी तेच सामान परत जोडतो. अल मजाजमधल्या आमच्या इमारतीत निम्म्या घरांतले पलंग त्याच्या हातून गेलेले आहेत. आमचा सोफाही त्याचाच. लिफ्टमध्ये बसेना, तेव्हा त्याने तो चार तुकड्यांत वर आणला आणि असा जोडला की नवा घेतला असता तरी इतका घट्ट नसता. शेवटचा स्क्रू बसला की तो "खलास" म्हणतो आणि वस्तूवर एकदा हाताने थोपटतो, म्हशीला थोपटावे तसे.

पण त्या सोफ्यावर तो आजवर कधी बसलेला नाही. आमच्याच नव्हे, कोणाच्याच फर्निचरवर बसत नाही. चहासुद्धा उभ्याने पितो. मी एकदा विचारले, तर म्हणाला, "काकी, गिऱ्हाइकाच्या वस्तूवर बसलं की ती आपली वाटायला लागते. मग उचलताना जड होते." इतकी वर्षे शारजात काढली, दरवर्षी सुट्टीत गावी गेला, आणि बायकोला मात्र एकदाही इकडे आणता आले नाही. राहायला एका खोलीत आठ जण, दुमजली पलंगांवर. तिथे बायकोला कुठे आणणार?

त्याच खोलीमुळे तो दर खंडेनवमीला आमच्याकडे येतो. हत्यारांची पूजा करायला खोलीत पाट मांडण्याइतकीही मोकळी जागा नाही. पहिल्या वर्षी तो दारात उभा राहून, ड्रिल मशीन पोटाशी धरून म्हणाला होता, काकी, तुमच्या मिक्सरशेजारी माझं मशीन ठेवलं तर चालेल का. तेव्हापासून पूजा एकत्रच होते. माझा कुकर, सुनेच्या, म्हणजे अपर्णाच्या, सुऱ्या, मुलांचे लॅपटॉप आणि दगडूचे ड्रिल, पाने, करवत, हातोडी. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडू.

या वर्षी तो सकाळी आला तोच निराळा दिसत होता. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, आणि चेहऱ्यावर असा आनंद की लिफ्टमधून नव्हे तर वरातीतून आला असावा. कारण मला ठाऊक होते. मुक्ताबाई, त्याची बायको, दुपारच्या विमानाने येणार होत्या. महिनाभराचा व्हिजिट व्हिसा. दगडूने शारजातच रोला भागात एका कुटुंबाकडे एक खोली महिन्यापुरती घेतली होती आणि पलंग स्वतः जोडला होता. विमानतळावर उभा असण्याचे वचन त्याने तिला रोज फोनवर दिले होते, कारण मुक्ताबाई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसत होत्या आणि बाहेर आल्यावर तुम्ही दिसला नाहीत तर मी त्याच विमानात परत बसेन, असे त्यांनी बजावले होते.

हत्यारांची पिशवी त्याने नेहमीप्रमाणे खाली ठेवली. मग खांद्यावरचे एक लांबलचक गाठोडे, फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळलेले, हळूच पाटावर आडवे केले.

"काकी, दरसाल आपण स्क्रू ड्रायव्हरचीच पूजा करतो," तो म्हणाला. "या साली खरं शस्त्र आणलं."

चादर उलगडली. आत बंदूक.

लांब नळी, लाकडी दस्ता, त्यावर चांदीसारख्या पट्ट्या. मला तिचे भय वाटायला हवे होते. पण पूजेची वेळ होत आली होती, नारळ सोलायचा होता, आणि आमच्या माहेरी नवमीला भिंतीवरची तलवार खाली काढत असत हे मला इतके सवयीचे की मी फक्त एवढेच विचारले, पाटावर मावेल का. दगडूने पाट तिरका केला. मावली. मी मिक्सरला कुंकू लावले, मग बंदुकीला लावले, आणि उरलेल्या झेंडूची माळ तिच्या नळीला गुंडाळली. आरतीही झाली. तनया, माझी नात, कानात काहीतरी घालून आतल्या खोलीत अभ्यास करत होती, ती आरतीलाही आली नाही, नाहीतर पुढचे सगळे तिथेच थांबले असते.

बंदूक कुठली, हे दगडूने प्रसाद खाताना सांगितले. अकराव्या मजल्यावरचे फरदीनसाहेब, म्हातारे गृहस्थ, लेकीकडे कायमचे राहायला चालले होते. त्यांचे घर दगडूने उक्ते घेतले. दिवाणखान्याच्या भिंतीवर ही टांगलेली होती. हिचं काय, विचारले तर साहेब म्हणाले, पन्नास दे, घेऊन जा. पन्नास दिरहम, म्हणजे अकराशे-बाराशे रुपये. दगडूला वाटले, एखाद्या हॉटेलवाल्याला भिंतीवर लावायला विकू. त्याच्या खोलीतला विघ्नेश मोबाईलमध्ये हुशार. त्याने बंदुकीचा फोटो काढून जुन्या वस्तूंच्या ॲपवर जाहिरात टाकून दिली होती. बंदूक, चांगल्या स्थितीत, घासाघीस नको. खाली दगडूचा नंबर.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडचा माणूस नमस्कार-चमत्कार न करता विचारत होता, "लास्ट प्राइस?"

"गन के लिए? आके देखो पहले," दगडू म्हणाला.

आणि तेव्हाच तनया पाणी प्यायला बाहेर आली.

तनया इथे कायद्याचे शिकते. गेला महिनाभर तिचा एकच विषय चालला होता, अमेरिकेत एक साधा माणूस दुसऱ्या साध्या माणसाला बंदूक विकतो त्याचे नियम. जेवताना आम्हाला ऐकवायची. तिकडे बंदुकांच्या जत्रा भरतात. लोकांना वाटते, जत्रेत एक कायदा आणि जत्रेबाहेर दुसरा. पण मुद्दा जागेचा नाही, विकणारा धंदेवाला आहे की नाही याचा आहे. धंदेवाला असेल तर परवाना हवा, गिऱ्हाइकाची चौकशी करायला हवी. घरातली एखादी बंदूक विकणाऱ्या माणसाला देशाच्या कायद्याने ती चौकशी करावी लागत नाही. काही राज्यांत मात्र करावीच लागते. आम्ही हूं हूं करून पोळी वाढून घ्यायचो. आपल्या पाटावर हा विषय झेंडू घालून बसेल असे कोणाला वाटले होते?

तिने बंदूक पाहिली. माळ पाहिली. मग माझ्याकडे पाहिले.

"आजी. व्हॉट इज दॅट?"

मी म्हटले, दगडूकाकांची आहे, विकायची आहे.

यावर तिने पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला तो कडेला, तो पडला, आणि कोणीच उचलला नाही. दगडूला वाटले, पोरीला वस्तू आवडली. तो उत्साहाने जत्रेचा मुद्दा काढू लागला, कारण मागच्या खेपेला बाथरूमचे कपाट बसवताना त्यानेही तो ऐकला होता. म्हणाला, "मी काय बंदुकीचा धंदेवाला नाय. मी सोफ्याचा. एकच तर आहे. तू म्हणालीस ना, एकट्यादुकट्याला चालतं?"

"दगडूकाका, दॅट्स अमेरिका. यू आर इन शारजा."

तिने लॅपटॉप पाटावरूनच उचलला, कुंकवासकट, आणि बसल्या जागी शोधू लागली. मग वाचून दाखवले. इथे परवान्याशिवाय बंदूक विकता येत नाही, विकत घेता येत नाही, नुसती जवळ ठेवता येत नाही आणि एका जागेवरून दुसरीकडे नेताही येत नाही. दगडू बोटांवर मोजत ऐकत होता. विकत घेतली. जवळ ठेवली. अकराव्या मजल्यावरून खोलीवर नेली, खोलीवरून आमच्याकडे आणली. विकायला काढली. यादीतले एकही कलम त्याने सोडलेले नव्हते.

"आणि पूजा केली, त्याचं काही लिहिलंय?" मी विचारले. मला खरोखरच जाणून घ्यायचे होते. तनया आधी रागावली आणि मग तिला हसू फुटले, आणि ती हसली तशी मलाही. दगडू आमच्याकडे आळीपाळीने बघत होता, आणि त्याचा फोन परत वाजत होता. लास्ट प्राइस?

मग सुरू झाले उपाय. दगडूचा पहिला उपाय म्हणजे फरदीनसाहेबांना परत देणे. पण त्यांचा फोन बंद, कारण साहेब सकाळीच विमानात बसले होते. दुसरा उपाय, खालच्या खाडीत टाकणे. तनया खिडकीपाशी गेली आणि खाली बोट दाखवले. खालिद खाडीच्या काठी आया बाबागाड्या घेऊन फिरत होत्या, कोणी पळत होते, कोणी फोटो काढत होते. फुलाफुलांच्या चादरीतून पाण्यात काहीतरी लांबट टाकणारा माणूस सगळ्यांच्या फोटोत आला असता. तिसरा उपाय त्याच्या हाताला सर्वांत सोपा. त्याने पिशवीतून पाना काढला. म्हणाला, ही मी आत्ता उघडतो, दस्ता वेगळा, नळी वेगळी, पट्ट्या वेगळ्या, कोणाला कळणार नाय काय होतं ते.

"मग तुमच्याकडे सुट्या भागांतली बेकायदा बंदूक होईल," तनया म्हणाली. हे तिने चक्क मराठीत म्हटले, यावरून ती किती गंभीर झाली होती ते कळावे.

पाना परत पिशवीत गेला. फोन वाजला. या वेळी एक सद्गृहस्थ विचारत होते की घरपोच मिळेल का, आणि शारजात आज ट्रॅफिक फार आहे.

दगडू भिंतीला टेकला. त्याचा मघाचा वरातीतला चेहरा उतरला होता. मला तो हळू आवाजात म्हणाला की पोलिसांनी धरले तर धरले, परत पाठवले तर पाठवले, पण आज नको. आज मुक्ता उतरणार. ती बाहेर येईल, शंभर माणसं असतील, आणि मी नसेन. ती कोणाला काय विचारणार, तिला हिंदीसुद्धा धड येत नाही. आज तिला घेऊन येतो, उद्या सकाळी स्वतः जातो. एक रात्र कपाटाखाली ठेवू.

तनयाने सांगितले की एक रात्र ठेवणे म्हणजे माहीत असून ठेवणे, आणि ती जाहिरात, त्यावर त्याचा नंबर, हे सगळे जगाला दिसते आहे. उद्या आपण जाऊ की त्याआधी तेच येतील, हे आपल्या हातात नाही.

हा निर्णय त्याचा होता. तो पाटाकडे बघत राहिला. ड्रिल, पाने, करवत, सगळ्यांवर हळदकुंकू, आणि त्यांच्यापुढे ती. मग त्याने आधी विघ्नेशला फोन करून जाहिरात काढायला लावली. आणि मला म्हणाला, "काकी, फोन तुम्ही लावा. तुमचं इंग्रजी कॉन्व्हेंटच्या सिस्टर लोकांचं आहे. पण एक करा. मुक्ताला तुम्ही आणा."

मी हो म्हटले आणि फोन लावला. शाळेत शिकवले होते तसे आधी नाव सांगितले, मग पत्ता, मग काम. म्हटले, मला एका बंदुकीची खबर द्यायची आहे. पलीकडच्या मुलीने विचारले, बंदूक आत्ता कोणाच्या हातात आहे. मी म्हटले, कोणाच्याच नाही, पाटावर आहे. तिने विचारले, कोणाला काही इजा. मी म्हटले, नाही, तिला फक्त हार घातला आहे. तनयाने माझ्या हातातून फोन घेतला.

पोलीस लवकर आले. दोघे होते, एक तरुण आणि एक मध्यमवयीन अधिकारी, शांत, भारदस्त. आत आले आणि थबकले. मी त्यांच्या जागी असते तर मीही थबकले असते. कपाळाला कुंकू लावलेला कुकर, त्याच्या शेजारी मिक्सर, मिक्सरशेजारी बंदूक, आणि भिंतीशी दोन्ही हात वर करून उभा असलेला दगडू. त्याला कोणीही हात वर करायला सांगितले नव्हते.

अधिकाऱ्यांनी कुकरकडे बोट करून विचारले, हे काय. मी सांगितले, आज आम्ही ज्या वस्तूंवर आमचे पोट चालते त्यांचे आभार मानतो. त्यांनी मान हलवली. मग मिक्सरकडे बघून म्हणाले, याच्याशिवाय माझ्या घरीही काही चालत नाही. तरुण पोलीस तोंड फिरवून हसला.

मग त्यांनी हातमोजे घातले, बंदूक उचलली, उजेडाकडे नेली, नळीत बघितले, चाप ओढून पाहिला. दगडूचे हात अजून वरच. आणि मग त्या भारदस्त माणसाच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले. त्यांनी बंदूक हातात तोलली, दोन पावले मागे सरले, आणि गर्रकन ती बोटांवर फिरवली. एकदा, दोनदा, मग हवेत उडवली आणि छताला न लागता अलगद झेलली. माळ तुटली. झेंडूच्या पाकळ्या पंख्याच्या वाऱ्याने साऱ्या दिवाणखान्यात उडाल्या, तनयाच्या केसांत, कुकरवर, दगडूच्या वर केलेल्या हातांवर.

"चाचा, हाथ नीचे करो," ते म्हणाले. "ये मारने वाली नहीं, नाचने वाली है।"

इथल्या लग्नांत तरुण मुले रांगेत उभी राहून बंदुका फिरवतात, उडवतात, झेलतात. त्या नाचासाठी खोट्या बंदुका मिळतात, नळी आतून बंद. हे साहेब स्वतः तरुणपणी त्या रांगेत असत. सांगताना त्यांचा चेहरा विशीतल्या मुलासारखा झाला होता. पण लगेच त्यांनी तो नीट केला. म्हणाले, माझ्या डोळ्याला ही खोटी दिसते, तरी तपासणारे तपासतील. खरी असती तर आपण असे हसत नसतो. तुम्ही स्वतः कळवले हे बरे केले. जुन्या घरातून असे काही मिळाले तर विकायला काढायचे नाही, उचलायचेही नाही, आम्हाला बोलवायचे. आणि जबाब द्यायला याला आमच्याबरोबर यावे लागेल. आत्ता.

दगडूने घड्याळाकडे पाहिले. त्याने काही विनवणी केली नाही. फक्त जाताना दारातून वळून म्हणाला, "काकी, हिरवं लुगडं असेल. आणि ती रागावली तर बोलणार नाय, नुसती पिशवी घट्ट धरेल. तेवढं ओळखा."

साहेबांनी चहा अर्धा घेतला, तरुणाने सगळा घेतला. बंदूक फुलाफुलांच्या चादरीतच गेली.

तनया आणि मी टॅक्सीने विमानतळावर गेलो. तनयाने वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत मुक्ताबाई असे लिहून घेतले होते, आणि ते मराठीत इतके वाकडे आले होते की मला वाटेतच हसू येऊ लागले. दोन तास पोटात दाबून ठेवलेले सगळे हसू एकदम बाहेर पडत होते. टॅक्सीवाला आरशातून बघत होता. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितले की परत सुरू.

हिरवे लुगडे लगेच दिसले. ठेंगणी, सावळी बाई, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलेली. म्हणजे राग आलेलाच होता. मी पुढे होऊन नाव सांगितले. दगडू माझ्याविषयी त्यांच्याशी बोलत असे, त्यामुळे त्यांनी मला ओळखले, पण नजर माझ्या मागे शोधतच होती.

"ते कुठे आहेत?"

खोटे बोलायची मला सवय नाही. "पोलिसांकडे," मी म्हटले. "काळजीचं काही नाही. जबाब देऊन येतात."

मला वाटले, ही आता खाली बसेल. ती बसली नाही. पिशवी मात्र जरा सैल झाली.

"कोणाच्या घरातून काय उचलून आणलं होतं?"

"बंदूक."

मुक्ताबाईंनी पदर तोंडाला लावला. रडताहेत असे वाटून तनयाने त्यांचा हात धरला, तर त्या हसत होत्या. गदगदा, आवाज न करता. "लग्नासाठी मला बघायला आले," त्या म्हणाल्या, "तेव्हा आमच्या घरचा पाळणा मोडलेला होता. मुलगी बघायची सोडून ते पाळणा उघडून बसले. तेव्हाच माझा बाप म्हणाला होता." काय म्हणाला होता ते त्यांना हसण्यामुळे सांगता आले नाही.

घरी आलो तरी दगडूचा पत्ता नव्हता. मुक्ताबाई हात धुऊन सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि विचारल्याशिवाय नारळ खवायला बसल्या. लिफ्टचा आवाज झाला की त्यांचा हात थांबे. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा दारात दगडू होता. पोलिसांनी तपासून सांगितले होते, खोटीच आहे, नाचाचीच. जबाबावर सही घेतली, समज दिली आणि सोडले. बंदूक त्यांनी ठेवून घेतली. दगडूनेही ती परत मागितली नाही.

तो दाराशीच उभा राहिला. मुक्ताबाईंनी खवणी बाजूला केली, बाहेर आल्या, त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतले, आणि सोफ्याकडे मान केली.

"बसा आता."

"मुक्ता, काकींचा सोफा..."

"तुम्हीच जोडलाय ना? पडणार नाय. बसा."

दगडू माझ्याकडे बघू लागला. मी पदराने डोळे पुसत होते, हसून पाणी आले होते. मग तो बसला. अगदी कडेला, गुडघ्यांवर हात ठेवून, फोटो काढायला बसतात तसा. मुक्ताबाई त्याच्या शेजारी बसल्या आणि त्याच्या खांद्यावरची झेंडूची पाकळी उचलून टाकली.

उपेंद्र आणि अपर्णा आले तेव्हा ती दोघे तशीच बसलेली होती.

जेवणे झाली, ती दोघे रोलाला आपल्या खोलीवर गेली, आणि मी नोंदीखाली शेवटची ओळ लिहिली:

मिक्सरच्या पांढऱ्या झाकणावरचे कुंकू दोनदा पुसूनही निघाले नाही. उद्या लिंबाची फोड लावून पाहणे.